घरचं मॅक अँड चीज (चीज सॉसमधली मॅकरोनी), सॉस न फाटता
२ मोठे चमचे बटर वितळवा, त्यात २ मोठे चमचे मैदा टाकून मिनिटभर परता, लाल नको व्हायला, मग २ कप दूध थोडं थोडं ओतत ढवळत राहायचं, एकदम ओतलंत की गुठळ्या झाल्याच म्हणून समजा. सॉस चमच्याला चिकटला की गॅस बंद, आणि मगच २०० ग्रॅम किसलेलं चेडार टाका, कारण उकळत्या सॉसमध्ये चीज फाटतं आणि तेल सुटतं. तयार किसलेलं पाकीट शक्यतो नकोच, त्यात स्टार्च असतो आणि सॉस रवाळ लागतो. २५० ग्रॅम मॅकरोनी जरा कच्चीच उकडा आणि सॉसमध्ये मिसळा. घट्ट झालं तर मॅकरोनी उकडलेलंच पाणी घाला. मिरपूड भरपूर, मीठ चाखूनच, चीज आधीच खारट असतं.