माँटेनेग्रोच्या, खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या फुटबॉलपटूची कारकीर्द बिनचूक कशी मांडावी

माँटेनेग्रोच्या फुटबॉलपटूची कारकीर्द लिहिताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो देशाच्या नावात. त्यामुळे गोल मोजायला बसण्याआधी या तारखा समोर ठेवा. एप्रिल १९९२ पर्यंत सहा प्रजासत्ताकांचा जुना युगोस्लाव्हिया, तिथून पुढे फक्त सर्बिया व माँटेनेग्रो उरलेला युगोस्लाव्हिया, ४ फेब्रुवारी २००३ पासून ‘सर्बिया आणि माँटेनेग्रो’, आणि ३ जून २००६ पासून स्वतंत्र माँटेनेग्रो. २००६ चा विश्वचषक मात्र फाळणीनंतर सुरू होऊनही जुना एकत्र संघच खेळला. माँटेनेग्रोचा स्वतःचा पहिला सामना २४ मार्च २००७ चा, पोडगोरित्सात हंगेरीविरुद्ध. नियम एकच: सामन्याच्या दिवशी जे नाव होतं तेच लिहायचं. जन्मस्थळालाही हाच नियम. उदाहरणार्थ, १९६६ मध्ये जन्मलेला, आधी खेळाडू आणि मग प्रशिक्षक झालेला देयान साविचेविच. त्याचं जन्मगाव तेव्हा टिटोग्राड होतं. ‘आताचे पोडगोरित्सा’ हे पुढे जोडा.

आता खेळाडूचा तक्ता. साविचेविचच्या बाबतीत बुदुच्नोस्त, १९८८ ते ९२ रेड स्टार बेलग्रेड, १९९२ ते ९८ मिलान, १९९९ मध्ये थोडा काळ पुन्हा रेड स्टार आणि शेवटी २००१ पर्यंत रॅपिड व्हिएन्ना. एकाच क्लबात दोनदा खेळला असेल तर ओळीही दोन. एकत्र केल्यास मधली वर्षं गायब होतात. लीग, देशांतर्गत चषक आणि युरोपीय स्पर्धा यांचे रकाने वेगळे हवेत. १९९४ च्या चॅम्पियन्स लीगच्या अथेन्समधल्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध त्याने गोलरक्षकाच्या डोक्यावरून उचलून मारलेला गोल युरोपीय रकान्यात जातो, इटालियन लीगमध्ये नाही. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक वेळा याच सरमिसळीमुळे. पेनल्टी शूटआउटमधले (बरोबरीनंतर विजेता ठरवण्यासाठी मारलेल्या पेनल्टींचे) गोल कुठेच धरायचे नाहीत. युरोपीय चषकाची १९९१ ची, इटलीतल्या बारी शहरातली अंतिम लढत रेड स्टारने शूटआउटमध्ये ५-३ अशी जिंकली, पण सामन्याचा स्कोअर ०-० च राहतो.

प्रशिक्षकाचा तक्ता पूर्ण वेगळा करा: सामने, विजय, बरोबरी, पराभव. शूटआउटपर्यंत गेलेला सामना बरोबरीतच मोडतो. टक्केवारीसाठी विजय भागिले सामने, गुणिले १००; ३० सामन्यांत १२ विजय म्हणजे ४० टक्के. सहायक म्हणून घालवलेली वर्षं यात मिसळू नका, आणि तात्पुरती जबाबदारी असेल तर तशी नोंद करा. साविचेविच २००१ मध्ये आधी तिघांच्या समितीतून युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाकडे आला, नंतर एकटा प्रशिक्षक झाला. हे दोन टप्पे एकाच ओळीत कोंबले की समितीच्या काळातले निकालही त्याच्या एकट्याच्या नावावर चढतात.

त्याच्या कार्यकाळातच देशाचं नाव बदललं. १२ फेब्रुवारी २००३ ला पोडगोरित्सात अझरबैजानशी २-२ बरोबरी झाली, तेव्हा नवं नाव जेमतेम आठवडाभर जुनं होतं. जूनमध्ये बाकूत त्याच संघाकडून १-२ पराभव झाला आणि त्याने पद सोडलं. २००४ पासूनचं माँटेनेग्रोच्या फुटबॉल महासंघाचं अध्यक्षपद या तक्त्यात येत नाही. ते खाली वेगळ्या ओळीत.

दुसरं उदाहरण ब्रान्को ब्रनोविचचं. त्याच्या खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन तक्त्यांत दोन वेगळे देश दिसतील. ते दुरुस्त करायला जाऊ नका: तो खेळला युगोस्लाव्हियाकडून, आणि २०११ ते २०१५ प्रशिक्षक होता माँटेनेग्रोचा.