न गेलेल्या फाइलची नोंद

अंबड एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी आयटीचं काम बघायला लागले, तेव्हा मुक्त विद्यापीठाची पदवी आणि पायथनचा एक क्लास एवढीच माझी शिदोरी होती. पहिल्या आठवड्यात काम मिळालं ते साधं दिसणारं. डिझाइनच्या सर्व्हरवर दिवसभरात येणारी नवी ड्रॉइंग आणि मशीनचे प्रोग्राम रात्री शॉपफ्लोअरच्या कॉम्प्युटरवर कॉपी करायचे, आणि काय काय कॉपी झालं याचा लॉग ठेवायचा. त्याआधी हे काम पेनड्राइव्हवर चालायचं.

त्या कॉम्प्युटरवर पायथन टाकायची परवानगी नव्हती, म्हणून पॉवरशेल शिकले, म्हणजे कमांड लिहून विंडोजकडून कामं करून घ्यायची भाषा. विंडोज ७ पासून ते विंडोजबरोबरच येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. अशाच जागी नोकरी धरणार असाल तर आधी तेच शिका. माझी पहिली स्क्रिप्ट वीसेक ओळींची होती. प्रत्येक फाइलसाठी कॉपी-आयटम ही कमांड, आणि लगेच खाली लॉगमध्ये एक ओळ: वेळ, फाइलचं नाव, ‘कॉपी झाली’. ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये रात्री ११ ची वेळ लावली. तीन आठवडे कुणाची तक्रार आली नाही.

मग एका सकाळी फर्स्ट शिफ्टचे सुपरवायझर भाऊ माझ्या टेबलाशी आले. ‘ताई, रात्री नवं रिव्हिजन यायचं होतं ना? मशीनवर जुनंच आहे. ४० नग कापून झाले.’

मी लॉग उघडला. त्या फाइलपुढे ‘कॉपी झाली’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. फोल्डर उघडला, तर फाइलची तारीख जुनीच. आदल्या पाळीत ती फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडी राहिली होती, त्यामुळे विंडोजने तिच्यावर नवी फाइल लिहू दिली नाही. कॉपी-आयटमने लाल अक्षरांत तसं सांगितलंही असणार, पण रात्री शेड्यूलरने चालवलेल्या स्क्रिप्टची स्क्रीन बघायला कोण असतं? आणि माझी ‘झाली’ची ओळ कॉपीच्या निकालाकडे न बघताच लिहिली जात होती.

हे नीट समजून घ्या, कारण सुरुवातीला जवळजवळ सगळे इथेच अडकतात. पॉवरशेलमधल्या बऱ्याच चुका स्क्रिप्ट थांबवत नाहीत. संदेश दाखवतात आणि पुढच्या ओळीवर जातात. तुम्ही ट्राय-कॅच (ट्रायमध्ये काम, चूक झाली तर काय करायचं ते कॅचमध्ये) लिहिलंत तरी अशी चूक कॅचमध्ये येत नाही. त्यासाठी कमांडला एररॲक्शन स्टॉप, म्हणजे ‘चूक झाली की थांब’, जोडावं लागतं. तेव्हा कुठे ‘झाली’ची ओळ ट्रायमध्ये, कॉपीच्या खाली, खरी ठरते, आणि कॅचमध्ये ‘गेली नाही’ अशी ओळ कारणासकट लिहिता येते.

त्या रविवारी निफाडला घरी गेले होते. वडिलांची फवारणीची वही नेहमीच्या जागी होती. निर्यातीच्या द्राक्षबागेला ती ठेवावीच लागते: तारीख, औषध, मात्रा. त्यात मधेच एक ओळ होती, ‘पावसामुळे फवारणी झाली नाही’. लहानपणापासून ती वही बघत आले, पण न झालेल्या कामालाही तिथे स्वतःची ओळ असते हे त्या दिवशी लक्षात आलं. माझ्या लॉगमध्ये तशी जागाच नव्हती.

एररॲक्शनने सगळं भागतं असंही नाही. फाइलच्या नावात चौकोनी कंस असले, तर पॉवरशेल त्यांना शोधायचा नमुना समजतं. जुळणारी फाइल सापडत नाही, कॉपी होत नाही, आणि चूकही दाखवली जात नाही. म्हणून पाथ देताना लिटरलपाथ (नाव जसंच्या तसं धरा, असं सांगणारा पर्याय) वापरा आणि पासथ्रू जोडा. पासथ्रू कॉपी झालेली फाइल परत हातात देतं. हातात काही आलं नाही तर ‘झाली’ लिहायचं नाही.

त्याच्याही पुढे जायचं तर गेट-फाइलहॅशने मूळ फाइल आणि कॉपी यांचा हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा, जुळवून बघा. मशीनचे प्रोग्राम लहान असतात, त्यांचा हॅश मी प्रत्येक वेळी घेते. मोठ्या असेंब्लीच्या फाइल नेटवर्कवरून पुन्हा पूर्ण वाचाव्या लागतात आणि रात्र अपुरी पडते. तिथे आकार आणि बदलाची वेळ जुळली की मी पुढे जाते.

आमच्याकडे काही फोल्डरची नावं मराठीत आहेत. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये लॉग तक्त्याच्या फाइलमध्ये लिहिणाऱ्या एक्सपोर्ट-सीएसव्ही या कमांडला काही सांगितलं नाही, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८ असं स्पष्ट लिहा. वेळेचा नमुना लिहितानाही जपा: मोठा एम महिन्याचा, लहान एम मिनिटांचा, मोठा एच २४ तासांचा, लहान एच १२ तासांचा. लहान एच टाकला तर रात्रीचे ११ आणि सकाळचे ११ लॉगमध्ये सारखेच दिसतात.

लॉग एकाच फाइलमध्ये वाढवत नेऊ नका. ती फाइल कुणी एक्सेलमध्ये उघडी ठेवली की स्क्रिप्टला तिच्यात लिहिता येत नाही. मी दर रात्रीची वेगळी फाइल करते, नावात तारीख. पहिली ओळ ‘सुरू’, शेवटची ‘पूर्ण’, आणि त्या शेवटच्या ओळीत तीन आकडे: पाठवायच्या किती, गेल्या किती, राहिल्या किती. ‘पूर्ण’ नसेल तर वीज गेली किंवा स्क्रिप्ट मधेच बंद पडली, हे कुणालाही कळतं. शेड्यूलरमध्ये सर्व्हरच्या फोल्डरला जोडलेली झेड ड्राइव्ह वगैरे अक्षरं चालतील असं धरू नका. सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पाथ द्या.

विंडोजमधली रोबोकॉपी ही कॉपीची तयार कमांड का नाही, असं मुलाखतीत विचारतात. मोठे फोल्डर जसेच्या तसे हलवायला मी तीच वापरते. लॉग तिच्यातच मिळतो आणि मराठी नावांसाठी युनिलॉग हा पर्याय आहे. पण काही न सांगता चालवली तर अडलेल्या फाइलसाठी ती १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. प्रयत्नांची मर्यादा स्वतः घाला. आणि शेवटी तिने १ हा आकडा दिला तर घाबरू नका, त्याचा अर्थ फाइल कॉपी झाल्या असा आहे. ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही फाइल गेलेल्या नाहीत.

सराव घरच्या लॅपटॉपवरही होतो. एका फोल्डरमध्ये दहा फाइल ठेवा. एकीच्या नावात चौकोनी कंस, एकीचं नाव मराठीत. एकदा सगळ्या कॉपी करा. मग मूळ फाइल थोड्या बदला, दुसरीकडे गेलेल्या फाइलपैकी एक एक्सेलमध्ये उघडी ठेवा आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवा. आता शेजारच्या माणसाला फोल्डर न उघडता, फक्त लॉग वाचून सांगायला लावा: कोणती फाइल गेली नाही, आणि का?