हॉर्निमन सर्कल कसे पाहावे

मुंबईच्या फोर्ट भागातील हॉर्निमन सर्कल पाहायचे असेल तर रविवारी सकाळी जावे. कचेऱ्या बंद असतात, कमानींखालचा पदपथ मोकळा असतो आणि मान वर करून चालले तरी कुणाचा धक्का लागत नाही. चर्चगेट किंवा सीएसएमटी, कोणत्याही स्थानकातून चालत येता येते.

सुरुवात बागेतून न करता एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्यांपासून करावी. कर्नल थॉमस काउपर यांच्या आराखड्यानुसार उभा राहिलेला हा टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. दुर्गाबाई भागवतांचे इथल्या ग्रंथालयाशी असलेले नाते मराठी वाचकाला सांगायला नकोच. वरच्या पायरीवर, डोरिक धाटणीच्या जाडजूड खांबांकडे पाठ करून उभे राहिले की समोर पश्चिमेला बागेची झाडे आणि त्यांच्यापलीकडे १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल येते. मधली जागा तेव्हा ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होती आणि १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्याला हलेपर्यंत तिथे गासड्यांचे ढीग पडत असत. म्हणजे दोन्ही टोके आधीची आहेत आणि वर्तुळ नंतरचे. ही गोष्ट मनात पक्की धरूनच खाली उतरावे.

पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी या ओसाड मैदानाचे वर्तुळाकार चौकात रूपांतर करण्याची कल्पना मांडली, हे मला या जागेच्या इतिहासातील सर्वांत गमतीचे वाटते. गव्हर्नर एल्फिन्स्टन आणि त्यांच्यानंतरचे बार्टल फ्रिअर यांच्या पाठिंब्याने १८६०च्या दशकात, किल्ल्याचे तट पाडले जात असतानाच, ती प्रत्यक्षात आली. चौकाला ‘एल्फिन्स्टन सर्कल’ हे नाव मिळाले आणि मधली बाग १८७२ मध्ये पूर्ण झाली.

आता कमानींखालून संथ फेरी मारावी. इथे इमारत सुटी पाहून उपयोग नाही, कारण मालक वेगवेगळे असले तरी दर्शनी भाग एकाच वळणात, एकाच तालात बांधलेले आहेत, आणि त्यामुळे टाउन हॉलला जणू दोन बाहू फुटल्यासारखे दिसतात. मग एका कमानीसमोर थांबून तिच्या माथ्यावरचा मधला दगड पाहावा. त्यावर दाढीवाल्या पुरुषाचे कोरीव मुख आढळेल. सावलीत ते सहज निसटते, म्हणून ऊन तिरपे असतानाच शोधावे. नंतर जोडलेल्या पाट्या, वातानुकूलन यंत्रे आणि तारा वगळून रेषा पाहण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

शेवटी कॅथेड्रलकडे वळावे. तटाचा जो दरवाजा या चर्चकडे जाण्याच्या वाटेवर होता तो कधीच पाडला गेला, पण ‘चर्चगेट’ हे नाव आजही लोकलच्या फलाटावर रोज ऐकू येते. मुंबईतील जुने मैलाचे दगडही याच चर्चपासूनचे अंतर सांगतात. परतताना चौकाच्या नावाची पाटी वाचावी: ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांना १९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने हद्दपार केले होते, आणि स्वातंत्र्यानंतर गव्हर्नरचे नाव उतरवून त्यांचे नाव इथे लावले गेले.