बनियनची छोट्या छेदाची शस्त्रक्रिया: या चुका टाळा

छेद जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, टाका एखाद-दुसरा, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. म्हणून पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी वर आलेलं हाड, म्हणजे बनियन, काढणं दात काढण्याइतकं किरकोळ वाटतं. पण आत हाड कापलेलं असतं. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बर नावाच्या फिरत्या बारीक हत्याराने अंगठ्यामागचं लांब हाड कापतात, त्याचं पुढचं टोक शेजारच्या बोटाच्या दिशेने सरकवून स्क्रूने पक्कं करतात. पुढच्या बहुतेक चुका हेच विसरल्यामुळे होतात.

‘तेवढं टेंगूळ घासून टाका,’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. ते टेंगूळ बहुतांशी जागेवरून सरकलेल्या हाडाचंच टोक असतं. नुसतं घासलं तर बाक तसाच राहतो आणि दुखणं परत येऊ शकतं. आणि दुखतच नसेल, तर केवळ दिसण्यासाठी या वाटेला जाऊच नये. आधी पुढून रुंद चपला-बूट वापरून पाहा.

सगळ्यात जास्त घोळ चालण्यात होतो. कडक तळाचा खास बूट घालून अनेकांना पहिल्याच दिवशी चालायची परवानगी मिळते. ती संडास-बाथरूमपुरती असते, ओट्यापाशी उभं राहून ‘दोनच पोळ्या’ लाटण्यासाठी नाही! पहिले दोन आठवडे पाय छातीच्या पातळीवर उशांवर हवा. सोफ्यासमोरचं बुटकं स्टूल पुरत नाही. हाड जुळायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात, सूज कित्येक महिने रेंगाळते. उकिडवं बसलं की अंगठ्याच्या सांध्यावरच भार येतो, त्यामुळे घरात भारतीय संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा.

बँडेज फक्त जखमेसाठी नसतं, ते अंगठ्याला नव्या जागी धरून ठेवतं. ‘सैल झालंय’ म्हणून घरी बदलू नका, आत हळद-तेल तर नाहीच. बोटं निळी पडली किंवा बधिर झाली तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

तंबाखू, मिश्री, सिगारेट यांनी हाड जुळायला उशीर होतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच तारीख घ्या. जोडवी आदल्या दिवशीच काढा आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत घालू नका.

उलट चूकही होते: भीतीने अंगठा महिनोन्‌महिने हलवायचाच नाही. मग सांधा आखडतो. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून व्यायाम सुरू करा, थोडं दुखलं तरी.

उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत गाडी बंद. स्कूटर हाताच्या ब्रेकची असली तरी सिग्नलला पाय टेकवावाच लागतो.

पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पू येऊ लागला, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं, तर थेट इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा.