गाइडेड शार्पनरवर सुरीला धार लावताना: पहिल्या दगडावर घाई नको

हातात सुरी धरून दगडावर धार लावताना सगळ्यात अवघड असतं ते पातं आणि दगड यांच्यातला कोन हलू न देणं. मनगट जरासं कललं तरी दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि तोवर जमलेली धार पुन्हा गोल होते. गाइडेड शार्पनर एवढंच काम आपल्या हातून काढून घेतो. पातं पकडीत घट्ट, दगड दांडीवर आणि दांडीचं मागचं टोक एका बिंदूत अडकवलेलं. दगड कसाही फिरवा, दांडी त्या बिंदूभोवतीच फिरणार. बाकी कोन किती ठेवायचा, दगड कधी बदलायचा, कुठे थांबायचं, हे आपणच ठरवायचं असतं.

घरातल्या, नात्यातल्या, शेजारपाजारच्या सुऱ्या माझ्याकडे धारेला येतात. त्यांच्यासोबत हमखास एक प्रश्नही येतो: चांगला शार्पनर घेतला, सगळे दगड खरखरीतपासून बारीककडे क्रमाने फिरवले, तरी धार का येत नाही? जवळजवळ दर वेळी कारण एकच निघतं. पहिल्या दगडावरचं काम अर्धवट सोडलेलं असतं. म्हणून इथे पहिल्या दगडाबद्दल जास्त लिहिते आहे, नंतरच्यांबद्दल थोडक्यात.

आधी सुरी नीट बघा

सुरी साबणाने धुऊन कोरडी करा. एका दिव्याखाली धार वर करून धरा आणि पातं हळूहळू कलतं करत बघा. खरी धार दिसतच नाही, कारण प्रकाश परत पाठवायला तिला रुंदीच नसते. बोथट झालेल्या भागावर मात्र केसासारखी पांढरी रेघ चमकते. बहुतेक सुऱ्यांमध्ये ती पोटाच्या वळणावर, म्हणजे कापताना फळीवर टेकणाऱ्या भागात, सगळ्यात जाड असते. टाचेजवळ, म्हणजे मुठीकडच्या टोकाला, ती बरेचदा नसतेच. खाचा असतील तर तिथे ठिपके चमकतात. ही रेघ कुठे आहे ते लक्षात ठेवा. पहिल्या दगडाने तीच घालवायची आहे.

करवती दातांची ब्रेडची सुरी या साधनावर लावू नका. एकाच बाजूने उतार (धारेलगतचा घासलेला तिरका पट्टा) असलेल्या जपानी सुऱ्यांचीही पद्धत वेगळी आहे. त्यांची सपाट बाजू दगडावर सपाटच बसावी लागते. सिरॅमिक सुरीवर हिऱ्याचा दगड सोडून दुसरं काही चालत नाही, आणि ती ठिसूळ असल्यामुळे मी ती हातात घेत नाही.

पकड आणि कोन

पात्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावा, धारेकडचे पाच-सहा मिलिमीटर मोकळे सोडून. पकडीखाली टेप असला की पातं सरकत नाही, आणि दगडातून सुटलेल्या कणांचे ओरखडेही पडत नाहीत. पकड पाठीजवळ बसवा, स्क्रू आवळा आणि टोक धरून पातं हलवून बघा. थोडं जरी डुगडुगलं तर पुन्हा बसवा. डुगडुगणाऱ्या पात्यावर कोनाचा आकडा काहीही ठेवला तरी उपयोग नाही.

कोन नेहमी एका बाजूचा सांगतात. 15 अंश म्हटलं की दोन्ही उतार मिळून 30. साधारण 56 रॉकवेलच्या (स्टीलचा कठीणपणा मोजायचं माप) आसपास कठीणपणा असलेल्या नेहमीच्या युरोपीय धाटणीच्या स्टीलला 18 ते 20 अंश बरे. 60 किंवा त्याहून कठीण जपानी स्टीलला 12 ते 15 चालतात. कोन जितका कमी तितकी सुरी सहज शिरते, पण धार तितकीच नाजूक. मऊ स्टीलला 12 अंश दिले तर धार काही दिवसांत वळते. सुरी मुळात ज्या कोनाची आहे तोच कोन आधी ठेवा असं मी सगळ्यांना सांगते. बदलायचाच असेल तर पुढे कधीतरी, तिची सवय झाल्यावर.

साधनावर छापलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नका. लॅन्स्की या कंपनीच्या शार्पनरसारख्या पकडीला 17, 20, 25 आणि 30 अंशांची भोकं असतात, पण खरा कोन त्या बिंदूपासून धार किती लांब आहे यावर ठरतो. समजा दांडीचा बिंदू पात्याच्या पातळीपासून 50 मिलिमीटर उंच आहे आणि धार त्याच्यापासून 150 मिलिमीटरवर. कोन येतो सुमारे 19.5 अंश. आता पातं 20 मिलिमीटर जास्त रुंद घेतलं, अंतर 170 झालं, की तोच कोन 17 वर येतो. भोक तेच, आकडा तोच, कोन वेगळा. दगडाच्या जाडीचंही तसंच. दगड 1 मिलिमीटर जाड झाला तर याच मापाला कोन साधारण 0.4 अंशाने कमी होतो. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण बारीक दगड धारेच्या अगदी कडेला टेकतो की थोडा मागे, ते यावरच ठरतं. छोटा डिजिटल अँगल क्यूब मिळतो. तो आधी पात्याच्या सपाट अंगावर ठेवून शून्य करा, मग दगडावर ठेवून कोन वाचा. दर दगडाला वाचा. या साधनासोबत एकच जास्तीची वस्तू घ्यायची झाली तर ही घ्या.

मार्करची शाई खरं सांगते

धारेच्या उतारावर टाचेपासून टोकापर्यंत पर्मनंट मार्कर फिरवा. मग मधल्या ग्रेडचा दगड हलक्या हाताने दोन-तीनदा ओढा आणि शाई कुठून गेली ते बघा. उताराच्या पूर्ण रुंदीवरून गेली असेल तर कोन जुळला. फक्त वरच्या खांद्याकडून, म्हणजे उतार सुरू होतो त्या कडेकडून, गेली असेल तर तुमचा कोन कमी आहे, दगड धारेपर्यंत पोचतच नाही. फक्त धारेच्या कडेवरून गेली असेल तर कोन जास्त आहे.

सरळ धारेवर शाई सगळीकडे सारखीच जाते, कारण एक बिंदू आणि एक सरळ रेषा मिळून एकच सपाट पातळी होते. दगड त्या पातळीतच फिरतो. गोंधळ होतो पोटाच्या वळणावर आणि टोकाशी. तिथे धार त्या रेषेतून बाहेर पडते आणि कोन बदलतो. तो किती बदलतो हे पकड पात्याच्या लांबीवर कुठे बसवली आहे यावर अवलंबून असतं. पकड टोकाकडे सरकवली की टोकाचा कोन वाढतो, टाचेकडे सरकवली की कमी होतो. म्हणजे टोकापाशी फक्त खांद्यावरची शाई जात असेल तर पकड थोडी टोकाकडे न्या. फक्त कडेवरची जात असेल तर टाचेकडे. एका वेळी सेंटीमीटरभर सरकवा, पुन्हा शाई लावा, पुन्हा बघा. टाच, मध्य आणि टोक तिन्ही ठिकाणी शाई सारखी जायला लागली की समजा सुरी बसली. यात पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्यात. बाजारातल्या जाहिरातीत हा भाग कधीच दाखवत नाहीत, पण टोकाशी रुंद झालेले, पसरट उतार दिसले की समजावं, हेच काम राहून गेलं आहे.

आता पहिला दगड

सुरी फार बोथट असेल तर 300 ते 400 ग्रिट (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), नुसती मंदावली असेल तर थेट 800 किंवा 1000. ग्रिटचे आकडे वेगवेगळ्या पद्धतींचे असतात, हे खरेदी करताना लक्षात असू द्या. युरोपीय पद्धतीतला एफ 1000 म्हणजे साधारण 4.5 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, तर जपानी 1000 चा कण त्याच्या दुपटीहून मोठा. दोन वेगळ्या संचांतले दगड एकत्र वापरणार असाल तर आकडा नाही, मायक्रॉन जुळवा.

दगडाला पाणी लावा. हिऱ्याच्या प्लेटवर (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धातूची पट्टी) पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की कीस तरंगून बाजूला होतो. टाचेपासून सुरुवात करा आणि दगड पुढे-मागे करत टोकाकडे सरका. जोर हाताच्या वजनाएवढाच. हिऱ्याची प्लेट दाबली की कण उपटून निघतात आणि प्लेट लवकर मरते. टोकाशी आलात की दगडाची निम्मी रुंदी पात्याबाहेर गेल्यावर थांबा. पूर्ण दगड बाहेर गेला की तो टोकावरून घसरतो आणि टोक गोल होतं.

या दगडावर एकच गोष्ट शोधायची आहे. दगड धारेच्या अगदी कडेपर्यंत पोचला की धातूची अतिशय बारीक कड पलीकडच्या बाजूला वळून येते. तिला बर म्हणतात. ती डोळ्यांना क्वचित दिसते, पण बोटाला लगेच कळते. अंगठ्याचं पेर पलीकडच्या अंगावर पाठीकडून धारेकडे, धारेच्या बाहेर जाईल असं अलगद ओढा. धारेच्या लांबीवर बोट कधीही फिरवायचं नाही. बर असेल तर पेराला काहीतरी अडकतं. नसेल तर बोट गुळगुळीत निसटतं. कापसाची काडी फिरवली तर तिचे तंतू बरवर ओढले जातात. बोटाचा भरवसा वाटत नसेल त्यांनी काडीच वापरावी.

बर टाचेपासून टोकापर्यंत सलग यायला हवी. मधे दोन सेंटीमीटर जरी बोट निसटलं तरी तिथे धार अजून झालेली नाही. पुढचा कितीही बारीक दगड तिथे फक्त उतार चमकवेल. आरशासारखा चमकणारा आणि तरीही न कापणारा उतार होतो तो असाच. जिथे बर नाही तिथेच दगड चालवा. ती सलग आली की सुरी उलटा आणि दुसऱ्या बाजूने तेवढंच काम करा, बर पहिल्या बाजूला येईपर्यंत. पहिल्यांदा लावत असाल तर एका सुरीला अर्धा-पाऊण तास सहज जातो. कारखान्यातून आलेले दोन्ही उतार क्वचितच सारखे असतात, त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वेळ मागते.

पुसताना जपा. दगड ओढताना सगळे सावध असतात. हात कापतो तो पातं पकडीत असताना कपड्याने पुसताना. नेहमी पाठीकडून धारेकडे पुसा, कपड्याची घडी जाड ठेवा आणि दगड धरलेली बोटं दगडाच्या खालच्या कडेखाली जाऊ देऊ नका.

पुढचे दगड आणि पट्टा

इथून काम झपाट्याने होतं. 1000 वर पहिल्या दगडाचे ओरखडे जाईपर्यंत, मग हवा असेल तर 2000 किंवा 3000. दर दगडाला ओढण्याची तिरकी दिशा बदला, आधी टाचेकडून टोकाकडे, मग टोकाकडून टाचेकडे. जुने ओरखडे आडवे दिसतात, त्यामुळे ते संपले की नाही ते कळतं. दहापट भिंग असेल तर उत्तम. शेवटच्या काही फेऱ्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून, दगड धारेकडून पाठीकडे आणि जोर फक्त दगडाच्या वजनाचा. बर इथेच झिजून संपते. जोर केला तर ती नुसती या बाजूची त्या बाजूला वळत राहते.

रोजच्या भाजी-फळांच्या सुरीला 1000 च्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. टोमॅटोच्या सालीला धारेचे सूक्ष्म दात लागतात. 6000 वर गुळगुळीत केलेली सुरी कागद सुंदर कापते आणि आठवडाभराने टोमॅटोवर घसरायला लागते. कच्चं मांस किंवा मासळी पातळ कापायची सुरी असेल तर मात्र बारीक दगडाचा उपयोग होतो.

शेवटी चामड्याचा पट्टा, त्यावर 1 मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट. पट्टा नेहमी पाठीकडून धारेकडे ओढायचा, उलटा ओढला तर चामडं कापलं जातं. चामडं दबतं आणि धारेभोवती वळतं, म्हणून कोन एक-दोन अंश कमी करून घ्या. प्रत्येक बाजूला आठ-दहा हलक्या फेऱ्या पुरतात.

मग पुन्हा त्याच दिव्याखाली बघा. पांढरी रेघ कुठेही दिसता कामा नये. पातळ कागद टाचेपासून टोकापर्यंत एका ओढीत कापा. कागद जिथे अडकतो तिथे बर उरली आहे किंवा धार अपुरी आहे. तेवढ्या भागावर 1000 चा दगड पुन्हा घ्या.

टेप काढायच्या आधी एका वहीत लिहून ठेवा: कोणती सुरी, कोन किती, दांडीची उंची किती आणि टाचेपासून पकड किती मिलिमीटरवर. पुढच्या वेळी सुरी मंदावली की त्याच मापावर बसवा, शाईने एकदा खात्री करा आणि थेट 1000 पासून सुरू करा. दहा मिनिटांत होतं. दगड ब्रशने घासून, धुऊन सावलीत वाळवा. पाण्याच्या दगडाला मधे खोलगट भाग पडला असेल तर काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घेऊन तो सपाट करा. सपाट करताना दगड पातळ होतो, म्हणून त्यानंतर कोन क्यूबने पुन्हा मोजा.