नवा जोडलेला कॉम्प्युटर सुरू होत नाही तेव्हा

सुटे भाग आणून स्वतः जोडलेला कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू झाला नाही, की संशय लगेच एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्डवर (सारे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) जातो आणि भाग बदलून आणण्याची धावपळ सुरू होते. नव्या जोडणीत मात्र अर्धवट बसलेली किंवा भलत्या जागी लावलेली केबल हेच कारण अनेकदा निघते. म्हणून भिंतीवरच्या सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत वीज ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने तपासत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, असा माझा आग्रह आहे. कोणतीही केबल काढण्याघालण्यापूर्वी मुख्य वायर सॉकेटमधून काढावी आणि आत उरलेली वीज निघून जावी म्हणून कॅबिनेटचे बटण काही सेकंद दाबून धरावे.

बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटला जोडावी आणि त्या सॉकेटवर दिवा लागतो का, ते पाहावे. एसएमपीएसच्या मागचा खटका रेघेच्या बाजूला दाबलेला असावा, शून्याच्या नव्हे. काही जुन्या किंवा स्वस्त एसएमपीएसवर 115 आणि 230 असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो 230 वरच हवा, कारण 115 वर ठेवून वीज दिल्यास एसएमपीएस जळतो.

इथवर सारे ठीक असेल तर मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लागला आहे का, ते पाहावे. एसएमपीएस बंद अवस्थेतही मदरबोर्डला 5 व्होल्ट पुरवत असतो आणि अनेक बोर्डांवर हा दिवा त्याच विजेवर लागतो. दिवा लागला असेल आणि बटण मात्र निकामी वाटत असेल, तर कॅबिनेटच्या पुढच्या भागातून येणाऱ्या बारीक वायरी चुकीच्या पिनांवर बसल्या असण्याची शक्यता बरीच असते. मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती पाहून पॉवर स्विचच्या दोन पिना शोधाव्यात आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने फक्त त्या दोनच पिना क्षणभर जोडाव्यात; कॉम्प्युटर सुरू झाला, तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरीत आहे.

दिवाच नसेल तर 24 पिनांचा मोठा कनेक्टर काढून, त्याची कडी खट्ट आवाज करून अडकेपर्यंत पुन्हा दाबावा. मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर केबलचे दुसरे टोकही तपासावे. दुसऱ्या एसएमपीएसची केबल, ती कितीही चपखल बसली तरी, कधीही वापरू नये. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते आणि चुकीच्या केबलने मदरबोर्ड किंवा डिस्क जळू शकते. एसएमपीएसचे खोके मात्र उघडू नये, कारण वायर काढल्यानंतरही आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरलेला असू शकतो. मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) हाताळता येत असेल तर संगणक सुरू असताना 12 व्होल्टची वायर 11.40 ते 12.60 आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 या मर्यादेत असावी. आकडे बरोबर आले तरी भार पडल्यावर ते तसेच टिकतील याची खात्री त्यावरून मिळत नाही.

पंखे क्षणभर फिरून थांबत असतील, तर प्रोसेसरला वीज देणारा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातला 8 पिनांचा कनेक्टर आधी पाहावा. ग्राफिक्स कार्डाचा (पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या कार्डाचा) 8 पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्यात धन आणि ऋण वायरींच्या जागा उलट असतात. तो जोर लावून तिथे बसवणे धोक्याचे आहे. त्यानंतर मदरबोर्डखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट, मोजावेत. जिथे बोर्डाला भोक नाही तिथे एखादा राहिला असेल, तर तो बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट होतो. हा संशय फेडायचा असेल तर बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, त्याला थंड ठेवणारा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढ्यावरच चालवून पाहावा.

पंखे फिरत राहून पडदा काळाच असेल, तर घाई करू नये. डीडीआर5 रॅम असलेला कॉम्प्युटर पहिल्या वेळी रॅमची जुळवणी करण्यात काही मिनिटे घेऊ शकतो आणि याच वेळी वीज तोडून अनेक जण गोंधळ वाढवतात. ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, त्या कार्डाला जोडलेली असावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते, त्यामुळे कार्डाशिवाय चित्र येणारच नाही.

सुरू होऊन गेम खेळताना अचानक बंद पडणारा कॉम्प्युटर ही निराळी बाब आहे. कूलरखालची प्लॅस्टिकची पातळ फिल्म काढायची राहून गेली का, हे पाहावे आणि प्रोसेसरचे तापमान तपासावे. मग एसएमपीएसची क्षमता ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीने सुचवलेल्या वॅटशी ताडावी. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (घडामोडींच्या नोंदवहीतली) ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद पाहून एसएमपीएस दोषी ठरवू नये. यंत्रणा रीतसर बंद न होता थांबली, एवढेच ती सांगते. वीज गेल्यावर यूपीएस असूनही कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर संशय यूपीएसवरही घ्यावा, कारण साध्या यूपीएसमधून निघणारी विजेची पायऱ्यांसारखी लहर काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाही.