घर केवढं असावं? फेंगशुईच्या नावाखाली होणाऱ्या या चुका टाळा

कोल्हापुरात कळंब्याकडं प्लॉट घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती स्क्वेअर फूट बांधूया?" फेंगशुई, म्हणजे घराच्या जागेचा आणि मांडणीचा जुना चिनी विचार, आधी विचारते, राहणार किती जण? हा प्रश्न न विचारणं ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात.

घरांविषयीच्या एका जुन्या चिनी ग्रंथात पाच 'रित्या', म्हणजे अशुभ, आणि पाच 'भरल्या', म्हणजे शुभ, गोष्टी सांगितल्यात. रित्यांमध्ये पहिलीच म्हणजे घर मोठं, माणसं थोडी. दुसरी म्हणजे दार मोठं, आतलं घर लहान. भरल्यांमध्ये याच्या उलट: घर लहान आणि माणसं भरपूर, किंवा घर मोठं पण दार बेताचं. शुभ क्षेत्रफळाचा आकडा यात कुठंच नाही. कुणी "अमुक फुटांचंच घर लाभतं" म्हणालं, तर ते कशाच्या आधारावर, हे जरूर विचारा.

माझ्या मावशीचं घर मंगळवार पेठेत, तीन खोल्या आणि सात माणसं. मुलं पुण्याला गेली आणि मावशी-काकांनी पाचगावला दुमजली बंगला बांधला. वरच्या तीन खोल्यांना कायम कुलूप. दुसऱ्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल धरली, गाद्यांना कुबट वास यायला लागला, आणि मावशी म्हणायची, "घर खायला उठतंय बघ." कुणीतरी विंडचाइम लावायला सांगितलं, ते लावलं. फरक काय पडणार? आधी बाहेरून भिंतीची गळती काढायला हवी होती. ती काढली, उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सुरुवात केली आणि वर कॉलेजच्या दोन मुली भाड्यानं ठेवल्या. वास गेला. आता संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजतात, आणि मावशीला त्याचाच जास्त आनंद आहे. भाडेकरू नको असतील तर वापरात नसलेलं सामान काढा आणि त्यातली एक खोली तरी रोजच्या कामाला घ्या, मग ती पूजा असो, शिवण असो की वाचन.

लहान फ्लॅटमध्ये चूक उलटी होते. दहा बाय दहाच्या खोलीत भिंतीला चिकटवून मोठा पलंग, आणि खोली मोठी दिसावी म्हणून त्याच्यासमोर भलामोठा आरसा. पलंगासमोर आरसा फेंगशुईला मान्य नाही. तो हॉलमध्ये न्या. पलंग थोडा लहान घ्या, उशाला भक्कम भिंत ठेवा आणि दोन्ही बाजूंनी उतरता येईल एवढी जागा सोडा.

वास्तुशास्त्र आणि फेंगशुईची खिचडीही करू नका. वास्तूत अग्नीची दिशा आग्नेय, फेंगशुईत दक्षिण. दोघांचं एकेक ऐकून स्वयंपाकघर दोनदा फोडलेली माणसं मी पाहिलीत. एकच पद्धत धरा.

मोजमापाचं थोडक्यात: खोल्यांचा हिशेब कार्पेट एरियावर, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर करा. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना आणि लिफ्टचाही वाटा असतो, तिथं तुमची खाट मावत नाही.

शेवटची चूक मात्र जिवावर बेतू शकते. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. म्हणून "समोर पाणी असलेली जागा उत्तम" असं सांगत नदीकाठचे प्लॉट दाखवले जातात. जुन्या चिनी विचारात समोर पाणी हवं, तसा पाठीशी डोंगर आणि पायाखाली उंच, कोरडी जमीनही हवी. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि 2019 व 2021 साली पाणी तिच्या कितीतरी वर चढलं होतं. त्यामुळं अशा प्लॉटवर होकायंत्र काढण्याआधी निळ्या आणि लाल पूररेषेचा (मोठ्या आणि त्याहून मोठ्या पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या रेषांचा) नकाशा बघा. त्या दोन वर्षांत पाणी कुठवर आलं होतं, हे शेजारच्या जुन्या घरात विचारा. भिंतीवरची खूण ते स्वतः दाखवतील.